शून्य म्हणजे अनंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरच्या ग्रुपवर जी पणती येऊन पडते, तिची ज्योत हलत राहते. तेल संपत नाही, काजळी धरत नाही. तिच्यावर ‘जीआयएफ’, म्हणजे जिफ, अशी अक्षरं असतात. ती धादांत खोटी आहेत. व्हॉट्सॲप जिफ म्हणून जे पोचवतं तो एमपी-४ व्हिडिओ असतो, आवाज काढून टाकलेला आणि संपला की पुन्हा सुरू होणारा. २०१४ साली ट्विटरने जिफ सुरू केल्या तेव्हाही आतून हाच प्रकार होता. फाइल गेली, नाव राहिलं, सवय राहिली. ही सवय मुळात कुणी लावायची ठरवलीच नव्हती.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात कॉम्प्युसर्व्ह नावाची कंपनी टेलिफोनच्या तारेवरून बातम्या, पत्रं आणि गप्पा पुरवायची. ग्राहक तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे, मॉडेम रडतखडत चालायचे आणि प्रत्येक बनावटीच्या संगणकाचा चित्रांचा प्रकार वेगळा. हवामानाचा रंगीत नकाशा सगळ्यांना सारखा दिसावा आणि लवकर उतरावा, एवढीच गरज होती. स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला जिफ हा प्रकार १५ जून १९८७ रोजी बाहेर आला. एका फाइलमध्ये एकाहून जास्त चित्रं ठेवायची सोय त्यात होती. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमध्ये किती थांबायचं हेही नोंदवता येऊ लागलं. मात्र त्याच नियमावलीत स्पष्ट बजावलं आहे, की हा प्रकार ॲनिमेशनसाठी नाही, जमलंच तर बेताचं जमेल.

शेवटचं चित्र आलं की फाइल गप्प बसायची. तिला गोल फिरायला लावलं नेटस्केप या ब्राउझरने, १९९५-९६ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत. जिफच्या नियमावलीत निरनिराळ्या सॉफ्टवेअरना आपापली माहिती ठेवण्यासाठी एक कप्पा होता. नेटस्केपने त्यात आपलं नाव लिहिलं आणि पुढे एक आकडा ठेवला : किती फेऱ्या मारायच्या. आकडा शून्य असेल तर कायम. सगळं मिळून १९ बाइटचं काम. नेटस्केप ब्राउझर २००८ मध्ये बंद झाला. पण फिरती जिफ उघडून तिचे बाइट वाचले, तर आजही तिथे ‘नेटस्केप २.०’ ही पाटी सापडते.

गोल फिरणारं चित्र अर्थात त्याहून जुनं. ब्रसेल्सच्या जोसेफ प्लातोने १८३२ साली खाचा पाडलेली चकती आरशासमोर फिरवून चित्रं हलवली होती. फ्रान्सच्या एमिल रेनोच्या १८७७ मधल्या यंत्रात बारा चित्रांची पट्टी नळकांड्यात बसवलेली असे. तिथेही बाराव्यानंतर पहिलंच. पुढे सिनेमाची लांब रिळं आली आणि चित्रांना गोष्ट सांगायचा नाद लागला.

आता व्हिडिओची जिफ करायला बसू. पणतीचीच घ्या. मोबाइलवर काढलेल्या चित्रणात लाखो छटा असतात. जिफच्या एका चित्राला मिळतात फार तर २५६ रंग. ते कोणते, हे ठरवण्यात निम्मी करामत आहे. एफएफएमपेगसारखं सॉफ्टवेअर आधी अख्खी क्लिप चाळून रंगांची यादी तयार करतं आणि मग दुसऱ्या फेरीत चित्रं रंगवतं. पहिली फेरी टाळली, तर ज्योतीच्या पिवळ्या-नारिंगी उतारावर पट्टे उमटतात. पट्टे लपवायला दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. पण ठिपके विखुरले की प्रत्येक चित्रात ते वेगळ्या जागी पडतात आणि मागची स्थिर भिंत मुंग्या चालल्यासारखी वळवळू लागते. शिवाय फाइल फुगते, कारण जिफची सगळी काटकसर पुनरावृत्तीवर आहे. ओळीने पुन:पुन्हा येणारे तेच ते पिक्सेल ती एका खुणेत गुंडाळते. काळोखी पार्श्वभूमी तिला मानवते, गर्दीचा रस्ता मानवत नाही.

हिशेब पाहा. ४८० गुणिले २७० पिक्सेलचं चित्र, सेकंदाला १२ चित्रं, तीन सेकंद : न दाबता साधारण ४६ लाख ६५ हजार बाइट. म्हणून जिफवाले चित्र लहान करतात, सेकंद कापतात आणि बदललेला तेवढाच तुकडा साठवतात. वेळही सेकंदाच्या शंभराव्या भागातच मोजता येते. गंमत अशी, की आपल्या दूरदर्शनच्या २५ चित्रांचा वेग चार शतांशात चपखल बसतो. अमेरिकेतल्या या प्रकारात अमेरिकी टीव्हीचा ३० चा वेग मात्र नेमका बसत नाही.

खरी कसोटी सांध्याची. शेवटचं चित्र पहिल्याला जुळलं नाही तर फेरी संपताना हिसका बसतो. क्लिप उलट जोडून पुढे-मागे चालवली की हिसका जातो, पाळण्याला ते शोभतंही. पण धूर खाली उतरताना दिसला की लबाडी उघडी पडते. काही ठिकाणी उलट हिसकाच हवा असतो. त्रिफळा उडाल्यावर यष्ट्या पुन्हा उभ्या आणि पुन्हा त्रिफळा, यातला खट्याळपणा गुळगुळीत सांध्याने मरतो.

मधल्या काळात जिफवर कोर्टकचेरीचं सावट आलं. आकार दाबण्याची तिची रीत झिव्ह आणि लेम्पेल या संशोधकांच्या कामावर टेरी वेल्चने बेतलेली, १९८४ मध्ये छापून आलेली. तिचं पेटंट मात्र युनिसिस कंपनीकडे गेलं होतं. १९९४ च्या डिसेंबरात सॉफ्टवेअरवाल्यांकडे परवान्याचे पैसे मागितले गेले आणि एकच ओरड झाली. पर्याय म्हणून पीएनजी ही चित्रांची नवी फाइल तयार झाली. रंग अमाप, दाबणं चांगलं, पेटंटची कटकट नाही. पण तिच्या कर्त्यांनी एका फाइलमध्ये एकच चित्र ठेवायचं ठरवलं. त्यामुळे जिफ ज्या कामात सगळ्यात कच्ची, त्याच कामावर तगली. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं.

मला विचाराल तर फाइल म्हणून जिफ निवृत्त झाली यात हळहळण्यासारखं काही नाही. तोच तुकडा व्हिडिओत कितीतरी कमी जागेत मावतो. तिच्या अडचणींनी घालून दिलेली रीत मात्र मोलाची आहे. आवाज नाही म्हणून ती ऑफिसात चालते, छोटी म्हणून उत्तरादाखल चालते, थांबत नाही म्हणून एका भुवईचा अभिनयही पुरतो.

बाजाराने मात्र तिचा भाव वर-खाली केला. २०१३ मध्ये सुरू झालेली गिफी ही जिफ शोधून देणारी कंपनी फेसबुकने २०२० मध्ये घेतली. किंमत ४० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने ती विकायला लावली. विक्री टाळण्यासाठी गिफीच्या बाजूने झालेला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे : जिफची फॅशन ओसरली, तरुण पोरांना ती ओशाळवाणी वाटते. आयोगाला हे पटलं नाही. २०२३ मध्ये शटरस्टॉकने गिफी घेतली, ५ कोटी ३० लाख डॉलरला.