मिरजेत समुद्र, तोही काचेत

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये समुद्रासमोर उभे राहिले. मिरजेत मात्र लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळून समुद्र घरीच बनवावा लागतो.

मासे सोडतात तो विषारी अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये बदलतात. या जिवाणूंना टाकीच्या फिल्टरमध्ये घर हवे. त्यासाठीचे पर्याय असे.

सिरॅमिकच्या कड्या : सच्छिद्र, म्हणून जिवाणूंना भरपूर जागा. गाळाने छिद्रे बुजतात. आधी स्पंज लावावा.

प्लॅस्टिकचे गोळे : धुवायला सोपे, जागा कमी.

प्रवाळ : समुद्रातून उचलू नये. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने जिवाणू मरतात. कड्या, गोळे टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावेत.