जोर सालीचा

पहाटे ५.००
फेब्रुवारीची थंडी अजून झोंबते आहे. दिंडोरी तालुक्यातल्या या बागेत कपाळाला बॅटरी बांधलेल्या बाया ओळींत शिरल्यात. बहुतेक जणी पेठ-सुरगाण्याकडच्या. डाव्या हाताने घड तोलायचा, उजव्या हाताने देठ कापायचा, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. वाण टेम्प्रानिलो, मूळचा स्पेनचा. तिकडे रिओहा आणि रिबेरा देल दुएरोत तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो. आपल्याकडे त्या सुमारास फळछाटणी होते, म्हणून काढणी आता. मणी बारीक, काळा, आत बिया. साल चावली की तोंड कोरडं पडतं. सगळी मेहनत त्या सालीसाठी.

सकाळी ८.३०
ऊन तापायच्या आत कात्र्या थांबतात. तापलेला माल क्रेटमध्येच आंबू लागतो. एका क्रेटमध्ये वीसेक किलो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, म्हणजे क्रेटमागे पंधरा-सोळा बाटल्या. रोज चारशे रुपये. त्यातून जीपचे पन्नास जातात.

सकाळी ९.१५
वायनरीत क्रेट उतरवून घेणारे भाऊ बुलढाण्याचे, साखरखेर्ड्याचे. गावी दोन एकर, सोयाबीन आणि तूर. हंगामाचे तीन महिने इथे. मशीन देठ बाजूला फेकतं, मणी फुटून टाकीत जातात. या द्राक्षाचा रस पिळून पाहिला तर फिकाच. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून रेड वाइनचा रस सालीसकटच आंबवतात. मशीन थांबलं की धुणं सुरू. पाइप, जाळी, फरशी, क्रेट. भाऊंचा निम्मा दिवस धुण्यात जातो.

दुपारी २.००
भाकरी-ठेचा खाऊन भाऊ आठवड्यापूर्वी भरलेल्या टाकीकडे वळतात. आतल्या साली वर येऊन जाड थर झालाय. तो कोरडा पडला तर माल बिघडतो. खालचा रस पंपाने वर चढवायचा आणि थरावर सगळीकडे फिरवायचा. पाइप जड, शिडी ओली. टाकीत वाकायचं नाही. आंबताना निघणारा वायू माणसाला क्षणात आडवा करतो. भाऊ तोंड बाजूला ठेवूनच पाइप फिरवतात. हात कोपरापर्यंत जांभळे. काढणीला साखर चोवीस ब्रिक्स होती, आज नऊ. वहीत नोंद.

संध्याकाळी ६.३०
टेस्टिंगला पाहुणे आलेत. वाइन मागच्या हंगामातली, २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरलेली. बाटली बाराशेची. याच्यासोबत खायचं काय, हा पहिला प्रश्न.

स्पेनमध्ये लाकडाच्या भट्टीत भाजलेलं कोकरू आणि मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज. कारण साधं आहे. वाइनमधला तुरटपणा मांसातल्या प्रथिनांना धरतो, चरबी जिभेवर साय धरते आणि कोरडं पडलेलं तोंड मऊ होतं. झणझणीत तिखट मात्र सोसत नाही. अल्कोहोलने आग वाढते आणि वाइन कडवट लागते. म्हणून काळ्या मसाल्याचा लालभडक रस्सा नको. निखाऱ्यावरच्या चापा घ्या, मिरी-लसणाचं सुकं मटण घ्या. शाकाहारी असाल तर चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची बेताची, तेल सढळ. धुराचा वास या वाइनला फार मानवतो. माझ्या मते पनीर टिक्क्यापेक्षा भरीत कितीतरी सरस. आणि बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सोळा ते अठरा अंश तिला बरे, आपली खोली त्याहून गरम.

भाऊ ग्लास विसळत होते. त्यांना विचारलं.
"आमच्या इकडच्या रश्शानं डोयातून पाणी काढलं पाह्यजे. तो याच्यासंगं जमत नाही. चरबीचं सुकं मटन जमते."

रात्री ८.००
दुसऱ्यांदा पंप. टाकी सव्वीस अंशांवर. रात्रपाळीचा पोरगा आला. भाऊंनी त्याला आकडा दाखवला, अठ्ठावीसच्या वर गेला तर थंड पाणी सोडायला सांगितलं आणि वही त्याच्या हाती दिली.