'लहान माणूस' की 'सामान्य माणूस'? : एका रशियन वाक्प्रचाराच्या इंग्रजी भाषांतराविषयी

रशियन कथासाहित्याविषयीच्या मराठी समीक्षेत 'सामान्य माणूस' हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. गोगोलच्या 'ओव्हरकोट'मधील (१८४२) अकाकी अकाकियेविच किंवा दस्तयेव्स्कीच्या 'पुअर फोक'मधील (१८४६) मकार देवुश्किन यांची ओळख त्याच शब्दाने करून दिली जाते. या शब्दामागे 'मालेन्की चेलवेक' हा रशियन पदबंध आहे. तो आपल्याकडे बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने आला आणि त्या वाटेवर त्याचा अर्थ पालटला. हा पालट नेमका कोठे झाला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'मालेन्की' म्हणजे लहान, 'चेलवेक' म्हणजे माणूस. इतके सरळ शब्द असताना भाषांतर अडावे का? अडते याचे कारण असे की, येथील लहानपण माणसाच्या गुणांचे नाही, ते त्याच्या जागेचे आहे. समीक्षक बेलिन्स्की याने १८४० साली ग्रिबोयेदोवच्या नाटकावर लिहिताना हा पदबंध योजला आहे. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'मधील नगरप्रमुख उद्या जनरल झाला, तर त्याला नमस्कार न करणाऱ्या 'लहान माणसा'ची धडगत नाही, मग तो लहान माणूस पुढे थोर होणारा का असेना, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे थोरपणाची योग्यता असलेला मनुष्यही त्या क्षणी 'लहान'च असतो, कारण समोर जनरल उभा आहे.

यामागे पीटर द ग्रेटने १७२२ साली घालून दिलेली चौदा श्रेणींची पदव्यवस्था आहे. पुश्किनच्या कथेतील टपालचौकीचा अधिकारी साम्सोन वीरिन हा तळाच्या, चौदाव्या श्रेणीतला. अकाकी आणि देवुश्किन दोघेही नवव्या श्रेणीतले. १८४५ पर्यंत मुलकी नोकरीत आठव्या श्रेणीपासून वंशपरंपरागत उमरावपद मिळे. म्हणजे हे दोघे उंबरठ्याशी येऊन थांबलेले आहेत. गोगोलने अकाकीसमोर जे 'महत्त्वाचे व्यक्तिमत्त्व' उभे केले, ते नुकतेच महत्त्वाला चढलेले आहे, काल-परवापर्यंत बिनमहत्त्वाचेच होते, हेही त्याने आवर्जून नोंदविले आहे. 'लहान' हा शब्द असा उभ्या शिडीवरचा आहे. 'ऑर्डिनरी', 'कॉमन' हे शब्द मात्र आडव्या मैदानावरचे आहेत. चारचौघांसारखा, बहुसंख्यांपैकी एक, एवढेच ते सांगतात.

रोजच्या बोलण्यात हा फरक अधिक ठळक होतो. 'या चेलवेक मालेन्की', म्हणजे 'मी माणूस लहान', असे रशियन मनुष्य म्हणतो तेव्हा तो स्वतःचे वर्णन करीत नसतो; तो अंग काढून घेत असतो. निर्णय वरचे घेतात, मला विचारू नका, असा त्याचा भाव. इंग्रजीत 'आय ॲम अ लिट्ल मॅन' म्हटले की वाचकाच्या मनात प्रथम ठेंगणेपणा येतो. 'स्मॉल मॅन'ला कोत्या मनाची छटा चिकटते. 'नोबडी'त आत्मधिक्कार फार होतो. येथे नामाचे भाषांतर करण्यापेक्षा कृतीचे करावे, असे मला वाटते. 'आय ओन्ली वर्क हिअर' या इंग्रजी उद्गारात लहान नाही आणि माणूसही नाही. पण अंग काढून घेणे बरोबर उतरते. समीक्षेतील संज्ञा म्हणून मात्र 'लिट्ल मॅन' पत्करण्यावाचून गत्यंतर नाही.

'मॅन'चीही अडचण आहेच. 'चेलवेक' म्हणजे मनुष्यमात्र, पुरुष नव्हे. शिवाय एकोणिसाव्या शतकात खानावळीतल्या वाढप्याला हाक मारायची ती 'चेलवेक!' अशीच. त्याचे अनेकवचन 'ल्यूदी'. त्याचाही एक अर्थ घरचे नोकरचाकर असा होता. दस्तयेव्स्कीच्या कादंबरीच्या मूळ नावात हाच शब्द आहे. लीना मिलमन यांनी १८९४ साली 'पुअर फोक' केले, कॉन्स्टन्स गार्नेट यांनी पुढे 'पुअर पीपल'. 'फोक'मध्ये खेड्यातला आपलेपणा डोकावतो, जो पीटर्सबर्गच्या भाड्याच्या खोल्यांत नाही. 'पीपल' कोरडे, पण माझ्या मते अधिक प्रामाणिक. 'पुअर'मध्ये निर्धन आणि बिचारा हे मूळ विशेषणाचे दोन्ही अर्थ आपसूक आले, हे इंग्रजीचे भाग्य.

मराठीला वस्तुतः इंग्रजीच्या आडवळणाची गरज नव्हती. 'साहेब, तुम्ही मोठी माणसं, आम्ही लहान माणसं' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत ऐकू येते, आणि त्यात तीच शिडी व तेच अंग काढून घेणे आहे. तरीही आपण 'सामान्य माणूस' स्वीकारला, कारण 'कॉमन मॅन'ची सवय झाली होती. तो शब्द अकाकीला लावताच त्याच्या समोरचा वरिष्ठ दिसेनासा होतो, आणि कथेतील भयही त्याच्याबरोबर जाते. 'लहान माणूस' सर्वत्र चालेल असे मात्र नाही. मराठीत 'लहान' वयानेही असते. 'लहान माणसाची कथा' असे शीर्षक दिले तर ग्रंथालयात ते पुस्तक बालविभागात जाण्याचा संभव आहे. 'लहान माणसं' असे अनेकवचन, किंवा जवळपास एखादा 'मोठा माणूस' असला, की ही अडचण उरत नाही. एकट्या संज्ञेसाठी पहिल्या उल्लेखात 'लहान हुद्द्याचा माणूस' असे लिहून पुढे 'लहान माणूस' ठेवावा, असा माझा प्रस्ताव आहे.