तारण म्हणजे काय गं?

दरवर्षी मार्च-एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी सकाळी मोबाइल वाजू लागतो. ‘हॅपी गुड फ्रायडे!’ फुलं, पक्षी, उगवता सूर्य आणि खाली झळकणारी अक्षरं. पाठवणारीच्या मनात वाईट काहीच नसतं. दिवाळीला, ईदला, नाताळला शुभेच्छा देतो, तशाच याही! पण हा दिवस येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळलं त्याच्या आठवणीचा. अनेक ख्रिस्ती घरांत त्या दिवशी उपवास असतो, चर्चमध्ये लांबलचक उपासना असते. सुतकाच्या घरी पेढे घेऊन जावं, तसं होतं ते.

नागपुरात आमच्या बचत गटाच्या ग्रुपवरही असंच झालं. गटात एकच ख्रिस्ती मैत्रीण. तिने या दिवसाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ग्रुपवर टाकायच्या आधी मला फोन केला. ‘टाकू का गं? कुणी म्हणेल, हिने धर्माचा प्रचार सुरू केला.’ शेवटी टाकल्या. दुपारपर्यंत सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, ‘एवढं दुःखाचं आहे, तर त्याला गुड का म्हणतात?’ दुसरी म्हणाली, ‘तू लिहिलंस, ख्रिस्ताच्या मरणाने तारण झालं. तारण म्हणजे काय गं? आपण कर्जाला ठेवतो ते?’

सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिने साध्या शब्दांत सांगितलं. तारण म्हणजे तारणं, पापातून सोडवणं. येशूने आपल्यासाठी मरण पत्करलं अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे, म्हणून तो दुःखाचा दिवस असूनही चांगला, ‘उत्तम शुक्रवार’. चर्चमध्ये रोज कानावर पडणारा शब्द बाहेरच्या बाईला सोनं गहाण ठेवायची आठवण करून देतो! ‘मंडळी’चंही तेच. आपल्याला मंडळी म्हणजे घरची किंवा जेवायला आलेली माणसं, त्यांच्याकडे मंडळी म्हणजे एका चर्चचा समाज.

भीती कुठून आली?

मैत्रिणीची भीती उगीच नव्हती. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. त्या वेळी राजधानी होती आपलं नागपूर, आणि समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ च्या अहवालात आमिषं दाखवून धर्मांतर केल्याचे आरोप आले, ख्रिस्ती समाजाने त्याला विरोध केला. तो वाद अजून शमलेला नाही.

घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावरही जाणकारांचे मतभेद आहेत. पण एक नक्की, आपल्या सणाचा अर्थ मैत्रिणींना सांगायला कुणाची चोरी नाही.

आपल्या बोलीत सांगणारे

मग सांगायचं कसं? ही विद्या मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आपल्या मराठीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू. गोव्यात राहून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. कशात रचलं? आपल्या ओवीत! लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी पुराणच सांगितलं. आमच्या नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी गोंड लोकांच्या कथा, गाणी, चालीरीती टिपून घेतल्या, त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ते लिखाण छापलं गेलं. म्हणजे सांगायला आलेल्या माणसाने ऐकलंही.

आणि फुलांमुलांचे कवी रेव्हरंड टिळक! नारायण वामन टिळक नागपुरात संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने बायबलमधला नवा करार वाचायला दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नंतर त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली. ती आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात.

पण मला नेहमी आठवतात त्या लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म बदलला आणि या बाईचा संसार उधळला. कित्येक वर्षं ताटातूट. माणसं बोलायची ती वेगळीच. पुढे नवऱ्याकडे परतल्या, तेव्हाही सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. वाचन, विचार, अनुभव असं करत करत स्वतःच्या पायांनी त्या ख्रिस्ताकडे गेल्या, १९०० साली. नवरा गेला म्हणून दुसऱ्या दिवशी मागोमाग गेल्या नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. आज कुठल्याही धर्माच्या घरात ते पुस्तक सापडतं. त्यात उपदेश नाही, भांडणं आहेत, फजिती आहे, स्वयंपाकघर आहे, रडू आहे. तरी ख्रिस्ती माणसाचं आतलं जग मराठी बायकांना जेवढं त्या पुस्तकाने दाखवलं, तेवढं शंभर भाषणांनी दाखवलं नसतं.

अलीकडचं नाव म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संपूर्ण बायबल सोप्या मराठीत यावं म्हणून त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं (२०१०), त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाचे सूरही उमटले. ते आपलं म्हणणं शांतपणे मांडत राहिले. २०२४ मध्ये ते गेले.

आता चर्च मोबाइलवर

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची दारं बंद झाली आणि उपासना मोबाइलवर आली. ईस्टर घराघरांत स्क्रीनवर झाला. आता मराठी बायबल मोबाइलवर फुकट वाचता येतं, ऐकता येतं. पूर्वी जे चर्चच्या भिंतीआड होतं, ते शेजारणीलाही दिसू लागलं.

इटलीत वाढलेला कार्लो अक्युटिस हा कॉम्प्युटरवेडा मुलगा. त्याने ख्रिस्ती चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेला, आणि २०२५ मध्ये पोप लिओ यांनी त्याला संत घोषित केलं. त्याची आई सांगते, ती स्वतः चर्चला फारशी जात नव्हती, पोराच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून तिला अभ्यास करावा लागला! २०२३ मध्ये व्हॅटिकनने सोशल मीडियावर एक पत्रक काढलं, त्यात आधार घेतला दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला बघून धर्माची माणसं पुढे निघून जातात, आणि परजातीतला एकजण थांबून त्याच्या जखमा बांधतो. मोबाइलच्या रस्त्यावरही शेजारी कोण, हे ओळखायचं, असा त्याचा सार.

पण याच रस्त्यावर खड्डेही आहेत. वस्तीत काम करताना दिसतं ते सांगते. ‘प्रार्थना केली, शुगर गेली, गोळ्या बंद’ असले व्हिडिओ सगळ्याच धर्मांत फिरतात. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आशीर्वादाच्या खाली पैसे मागणारा क्यूआर कोड असेल, तर हात आखडता घ्या. नुकतीच विधवा झालेली, आजाराने खचलेली बाई हेरून तिला एकटीला रात्री-बेरात्री मेसेज करणं, हा कुठल्याच देवाचा निरोप नव्हे. आणि दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपला देव मोठा होत नाही.

हे झालं सांगणाऱ्यांसाठी. ऐकणाऱ्या आपणही काही करू शकतो. कुठल्या चर्चबद्दल, मशिदीबद्दल भडक व्हिडिओ आला, तर पुढे ढकलण्याआधी ओळखीच्या माणसाला विचारावं. शेजारणीच्या घरी झावळ्यांच्या रविवारी झावळीचा क्रूस दिसला, तर ‘हे कशासाठी गं?’ म्हणावं. विचारल्याने धर्म बुडत नाही. तिने मोकळेपणाने सांगावं, आपण मोकळेपणाने ऐकावं, पटलं नाही तर तसंही सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी गटाचा हप्ता भरायला दोघींनी बरोबर जावं. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं, नाही का?