४५ सोसणाऱ्यांनी ३८ ला जपावं

मोहाडी-तुमसरकडचा माणूस कामासाठी किंवा मुलाकडे म्हणून ऐन जुलैत दुबईला निघाला, की उन्हाची काळजी त्याच्या मनातही येत नाही. नवतपा त्याने जन्मभर सोसलेला असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्यापुढे मोबाईलवर दिसणारे दुबईचे ३८ अंश त्याला किरकोळ वाटतात. मला भीती वाटते ती याच निर्धास्तपणाची.

आपली मे महिन्यातली हवा कोरडी असते. म्हणून तर खस लावलेला कूलर चालतो. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून नेते, आणि अंगावरचा घाम हेच काम करतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, तर पारा खाली उतरतो. तो जिथे थांबतो, तिथवरच घाम आपल्याला गार करू शकतो. तापमान ४५ आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा आकडा साधारण २४ येतो. किनाऱ्यावरच्या दुबईत ३८ अंश आणि ६० टक्के असतील, तर तो ३१ होतो. घाम निथळत राहतो, पण वाळत नाही. कूलर तिथे निरुपयोगी.

वाळवंटात हा दमटपणा येतो समुद्रामुळे. इराणचं आखात उथळ आहे, उन्हाळ्यात त्याचं पाणीच ३० अंशांच्या वर तापतं. सौदीतल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, ३५ अंशांवर नोंदला गेला. आपल्याकडे गच्चीवर खाट टाकली की उत्तररात्री तरी जीव निवतो. तिथे पहाटेही पारा अनेकदा तिशीखाली उतरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शरीराला उष्णतेची सवय आठवड्या-दोन आठवड्यांत लागते: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण गारव्यात काही आठवडे गेले की ती सवय मोडते. जुलैत इकडे पऱ्हे उपटून धानाची रोवणी चाललेली असते, हवा निवलेली असते. मे महिन्याची कमाई तोवर संपलेली असते.

तिथे किनारा सोडून आत गेलं, तर हवा कोरडी, पण तापमानच अचाट. जून २०२४ मध्ये हजच्या वेळी मक्केत ५१.८ अंश नोंदले गेले आणि तेराशेवर यात्रेकरू दगावले, त्यांत ९८ भारतीय. विदर्भातले यात्रेकरू नागपूरहून जातात, म्हणून ही बातमी आपल्याही घरची होती.

आखाती देशांतली सरकारं उन्हाला गांभीर्याने घेतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते साडेतीन. कामाला जाणाऱ्याने हा आपला हक्क आहे हे जाणून असावं आणि पहिला आठवडा अंगमेहनत हळूहळू वाढवावी. पाहुण्याने बाहेरची कामं सकाळीच उरकावीत. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो थकवा समजू नये. सावलीत न्यावं, अंगावर गार पाणी ओतावं, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. अमिरातीत तिचा क्रमांक ९९८ आहे.