उघडी पोथी : मोबाईलची कार्यप्रणाली कशी घडते

हल्लीं आजीबाईंच्या उशाजवळच्या फडताळापासून नातवाच्या खिशापर्यंत मोबाईल फोन सर्वत्र जाऊन बसला आहे. घरचा जमाखर्च, बँकेंतील ठेवी, औषधांच्या वेळा, परगांवीं राहणाऱ्या मुलांचीं पत्रें व छायाचित्रें, या सर्वांच्या किल्ल्या त्या वीतभर कांचेच्या पाटीमागें असतात. ज्या पेटींत आपण साऱ्या घराच्या किल्ल्या ठेवतों ती पेटी कोणीं घडविली, तिच्या आंत काय आहे, आणि तिचें कुलूप बिघडल्यास तें दुरुस्त करण्याची मुभा कोणास आहे, हे प्रश्न प्रत्येक विचारी गृहस्थास पडले पाहिजेत. आपल्या देशांतील बहुतेक फोन 'अँड्रॉइड' नांवाच्या प्रणालीवर चालतात, आणि त्या प्रणालीची मूळ संहिता जगांतील कोणासही वाचावयास मोकळी आहे. हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें; परंतु 'मोकळी' म्हणजे नक्की किती मोकळी, हें फारच थोडे विचारतात. त्या दोहोंचा विचार येथें करावयाचा आहे.

कारभारी आणि पाहुणे

मोठ्या वाड्यांत जसा एक कारभारी असतो, तशी फोनमधील ऑपरेटिंग सिस्टिम. तिला आपण कार्यप्रणाली म्हणूं. पडदा, कर्णा, कॅमेरा, बॅटरी आणि स्मरणकोश हें वाड्याचें भांडवल. पत्रव्यवहाराचें, बँकेचें, पंचांगाचें अशीं जीं निरनिराळीं ॲपें आपण घेतों, ते वाड्यावर उतरलेले पाहुणे. कोणत्या पाहुण्यास कोणती खोली द्यावयाची, किती वेळ दिवा लावूं द्यावयाचा, माजघरापर्यंत कोणास येऊं द्यावयाचें, हें सर्व कारभारी ठरवितो. अँड्रॉइडमध्यें प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि एका क्रमांकाच्या खोलींतील जिन्नस दुसऱ्या क्रमांकाच्या पाहुण्यास परवानगीवांचून पाहतां येत नाहीं. बँकेच्या ॲपमधील मजकूर खेळाच्या ॲपला वाचतां येत नाहीं, तो या व्यवस्थेमुळें.

ही प्रणाली थराथरांनीं रचलेली आहे. सर्वांत खालीं 'लिनक्स' नांवाचा गाभा. त्यावर कॅमेरा, पडदा इत्यादि भागांशीं बोलणारा दुभाष्यांचा थर. त्यावर सर्वांच्या उपयोगाचे तयार आज्ञासंग्रह आणि ॲपें चालविणारी यंत्रणा. त्यावर सर्व ॲपांस सामाईक अशी चौकट. आणि सर्वांत वर तुम्हांआम्हांस दिसणारीं ॲपें.

संहिता आणि सनद

संगणकास द्यावयाच्या आज्ञा प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात. या लेखनास 'सोर्स कोड', म्हणजे मूळ संहिता, असें म्हणतात. मग तिचें रूपांतर यंत्रास कळणाऱ्या शून्य आणि एक यांच्या रांगांत होतें. तयार पुरणपोळी खाऊन तिचें प्रमाण जसें नेमकें सांगतां येत नाहीं, तशी त्या रांगांवरून मूळ संहिता जशीच्या तशी काढतां येत नाहीं. पुष्कळ कंपन्या गिऱ्हाइकास पोळी देतात, कृति देत नाहींत. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांना ही रीत अन्यायाची वाटली. त्यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' नांवाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ सालीं एक सनद तयार केली. तिचा आशय असा, कीं ज्यास प्रोग्रॅम द्याल त्यास त्याची संहिताही मिळाली पाहिजे, आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व पुढें देण्याचा त्यास अधिकार राहील.

१९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढल्याच वर्षीं त्यास ही सनद लावली. त्यानंतर २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें अँडी रुबिन व त्यांचे तीन सहकारी यांनीं अँड्रॉइड कंपनी काढली. ती २००५ मध्यें गूगलनें विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजीं चौतीस कंपन्यांचा 'ओपन हँडसेट अलायन्स' हा संघ जाहीर झाला, आणि २००८ च्या ऑक्टोबरांत पहिला फोन विक्रीस येत असतांनाच संहिताही लोकांपुढें ठेवण्यांत आली.

गाभ्यास ग्नूची सनद आहे. वरच्या बहुतेक थरांस 'अपाचे' नांवाची दुसरी. पहिली सांगते : घेतलेंस, सुधारलेंस आणि दुसऱ्यास दिलेंस, तर सुधारलेली संहिताही दे. दुसरी सांगते : घे, सुधार, वीक, मूळ लेखकांचा नामनिर्देश आणि सनद पुसूं नकोस म्हणजे झालें. या दुसऱ्या सनदेच्या सैलपणामुळें कारखानदारांस हुरूप आला, आणि त्याच सैलपणामुळें केलेली सुधारणा कुलुपांत ठेवण्याचीही त्यांस मोकळीक मिळाली. पुढील सर्व हकीगतींत हें मर्म ध्यानांत ठेवावें.

घनपाठाची युक्ति

निरनिराळ्या देशांत बसून हजारों माणसें एकच ग्रंथ लिहीत असतां त्यांच्या प्रती एकमेकींशीं जुळाव्यात कशा? यासाठीं टॉर्व्हल्ड्स यांनीं २००५ सालीं 'गिट' नांवाचें साधन तयार केलें. अँड्रॉइडची संहिता शेंकडों गिट-भांडारांत विभागलेली आहे, आणि त्यांची यादी वाचून सारीं भांडारें एकदम उतरवून घेणारें 'रेपो' नांवाचें साधन गूगलनें केलें आहे.

गिटमध्यें प्रत्येक फेरफाराची नोंद राहते : कोणीं केला, केव्हां केला, कशासाठीं केला. त्या नोंदीच्या अक्षरन् अक्षरावरून गणितानें चाळीस चिन्हांची एक मुद्रा निघते, आणि प्रत्येक नोंदींत मागील नोंदीची मुद्राही गुंफलेली असते. म्हणून दहा वर्षांपूर्वींच्या नोंदींतला एक स्वल्पविराम जरी कोणीं गुपचूप बदलला, तरी त्यापुढील साऱ्या मुद्रा बदलतात व लबाडी उघडकीस येते. आपल्याकडील वैदिकांस हें तत्त्व परकें वाटूं नये. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं पदें जोडून म्हणावयाचीं. जटा आणि घन यांत तींच पदें उलटसुलट गुंफावयाचीं. हेतु हा, कीं एक पद ढळलें तर शेजारच्या पदांनीं साक्ष द्यावी. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. परंतु साखळीच्या प्रत्येक कडीनें शेजारच्या कडीची राखण करावी, ही युक्ति दोहोंकडे एकच आहे.

परीक्षकांची चाळणी

संहिता कोणासही वाचतां येते, म्हणून कोणासही ती बदलतां येते असें नाहीं. बदल सुचविणाऱ्यास प्रथम एक करार मान्य करावा लागतो. मग आपला बदल 'गेरिट' नांवाच्या परीक्षण-व्यवस्थेंत ठेवावा लागतो. तेथें जुनी ओळ व नवी ओळ शेजारींशेजारीं दिसतात आणि जाणकार परीक्षक ओळीओळीवर शंका काढतात. उणें दोनपासून अधिक दोनपर्यंत गुण देण्याची तेथें चाल आहे. अधिक एक म्हणजे 'मला ठीक दिसतें, पण आणखी कोणाची संमति हवी'. अधिक दोन म्हणजे ग्राह्य. उणें दोन म्हणजे बदल अडला. शिवाय यांत्रिक चाचण्यांतूनही तो उतरावा लागतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. १९१९ मध्यें आरंभलेलें तें काम १९६६ मध्यें पूर्ण झालें. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून एक पाठ वर घ्यावयाचा आणि इतर पाठभेद खालीं टीपांत जपावयाचे, ही तेथील शिस्त. गेरिटमध्येंही सोडून दिलेला बदल आणि त्यावर झालेला वाद सहसा पुसला जात नाहीं. पुढच्या विद्यार्थ्यास तो पाहतां येतो. कोणतें मत नाकारलें गेलें व कां, हें जेथें वाचावयास मिळतें, तेथें विद्या वाढते.

भट्टी

संहिता शुद्ध झाली तरी ती अद्यापि कच्चा शिधाच. सी++, जावा, कोटलिन, आणि अलीकडे रस्ट, अशा निरनिराळ्या भाषांतील ती लक्षावधि ओळींची रास एकत्र शिजवावी लागते. गूगलच्या सूचनेप्रमाणें या कामास सुमारें ४०० गिगाबाइट मोकळी जागा व ६४ गिगाबाइट स्मृति असलेला संगणक पाहिजे. बहात्तर कोअरच्या बलाढ्य संगणकावर पूर्ण बांधणीस सुमारें ४० मिनिटें लागतात. सहा कोअरच्या संगणकावर तेंच काम सुमारें सहा तास चालतें. शेवटीं जें सिद्ध होतें त्यावर बांधणाऱ्याची गुप्त किल्लीनें केलेली सही उमटते. फोन चालू होतांना ती सही तपासून पाहतो, व मध्यें कोणीं भेसळ केली असल्यास तसें सांगतो.

मराठीचें दालन

या उघड्या पोथींत आपल्या भाषेचेंही एक दालन आहे. 'कि' हें अक्षर घ्या. साठवणींत आधीं 'क' आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधीं उमटली पाहिजे. 'सूर्य' यांतील रफार निराळा आणि 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र निराळा. हा अक्षरजुळणीचा सारा खटाटोप अँड्रॉइडमध्यें 'हार्फबझ' नांवाचा आज्ञासंग्रह करतो, आणि तोही मुक्तच आहे. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत कार्यप्रणालीच्या भाषांमध्यें मराठीची भर पडली. पडद्यावर दिसणाऱ्या सूचनांचे मराठी शब्द 'व्हॅल्यूज-एमआर' या नांवाच्या कप्प्यांत एकाखालीं एक लिहिलेले आहेत. एखादा शब्द ओबडधोबड वाटला, तर तो कोठें लिहिला आहे हें तरी शोधतां येतें.

वाचणारा नसेल तर

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं संहिता उघडी आहे त्या अर्थीं ती निर्दोष व निर्धोक असलीच पाहिजे. तसें नाहीं. २०१५ च्या जुलैंत जोशुआ ड्रेक या संशोधकानें केलेला शोध जाहीर झाला, कीं चित्रफिती हाताळणाऱ्या 'स्टेजफ्राइट' नांवाच्या भागांतील दोषांमुळें विशिष्ट घडणीच्या एका संदेशानेंही फोन परक्याच्या कह्यांत जाऊं शकेल. हे दोष २०१० च्या २.२ या आवृत्तीपासूनच्या फोनांत होते. पांच वर्षें पोथी उघडी होती. तें पान डोळसपणें कोणीं वाचलें नव्हतें, किंवा वाचून कोणीं बोललें नव्हतें. मात्र ज्या दिवशीं वाचलें गेलें, त्या दिवसापासून दुरुस्ती करणेंही शक्य झालें. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून गूगलनें दरमहा दोषनिवारणाचें पत्रक काढण्याची प्रथा सुरू केली.

परंतु पत्रक निघणें निराळें आणि दुरुस्ती आपल्या फोनांत पोंचणें निराळें. मध्यें कारखानदार असतो, आणि कांहीं वर्षांनीं तो जुन्या फोनाकडे पाहणें सोडतो. धडधाकट फोन केवळ त्याचें कुलूप जुनें झालें म्हणून टाकावा लागतो. ही अडचण कमी व्हावी म्हणून २०१७ च्या आठव्या आवृत्तींत कार्यप्रणालीचा सामाईक भाग आणि कारखानदाराचा भाग वेगळे करण्यांत आले. शिवाय कांहीं हौशी मंडळी जुन्या फोनांसाठीं स्वतः नव्या आवृत्त्या बांधतात. २००९ मध्यें सुरू झालेला 'सायनोजेनमॉड' हा असाच प्रयत्न. त्यामागील कंपनीनें डिसेंबर २०१६ मध्यें काम थांबविलें, तेव्हां स्वयंसेवकांनीं तीच संहिता उचलून 'लिनिएजओएस' या नांवानें पुढें चालविली. मालक दुकान बंद करून गेला तरी कृति गांवांत शिल्लक राहिली, हें मुक्त संहितेचें खरें फळ.

बंद कपाटें

या स्वयंसेवकांचे हात जेथें अडतात तेंही सांगितलें पाहिजे. कॅमेरा, रेडिओ इत्यादि भाग चालविणाऱ्या पुष्कळशा आज्ञा कारखानदार केवळ यंत्ररूपांत देतात. त्या जुन्या फोनांतून जशाच्या तशा उचलाव्या लागतात, वाचतां येत नाहींत. गूगलचें ॲपांचें दुकान, नकाशे आणि टपाल हीं त्या मुक्त संहितेंत नाहींतच. तीं घेण्यास निराळा परवाना लागतो. आणि दारही पूर्वीइतकें उघडें राहिलेलें नाहीं. २०२५ च्या मार्चमध्यें गूगलनें जाहीर केलें, कीं यापुढें अँड्रॉइडची सर्व घडण कंपनीच्या आंतच होईल व तयार झालेली संहिता मागाहून प्रसिद्ध होईल. २०२६ पासून ती वर्षांतून दोन वेळां प्रसिद्ध करण्याचें ठरलें आहे. म्हणजे ग्रंथ वाचावयास मिळेल, पण तो लिहिला जात असतांना शेजारीं बसून पाहण्याची जी थोडीबहुत सोय होती ती गेली. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें हें नुकसान लहान नव्हे. कारण विद्या गुरूच्या सिद्ध ग्रंथाइतकीच त्याच्या खाडाखोडींतूनही मिळते.

तात्पर्य, 'मुक्त' या शब्दानें भाळूं नये आणि त्यास तुच्छही लेखूं नये. संहिता उघडी असणें हा केवळ अधिकार आहे. तो बजावणारे वाचक, परीक्षक व दुरुस्ती करणारे जेथवर आहेत, तेथवरच त्याचें मोल. गृहस्थांनीं निदान दोन गोष्टी कराव्यात. नवा फोन घेतांना दोषनिवारण किती वर्षें मिळेल हें दुकानदारास आवर्जून विचारावें, आणि घरांतील प्रत्येक फोनच्या 'सेटिंग्ज'मध्यें सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची तारीख पाहून ठेवावी. ती फार जुनी असेल, तर त्या फोनावर बँकेचा व्यवहार ठेवूं नये. आणि घरांत संगणकशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर त्यांस परीक्षेच्या पुस्तकांबरोबर या पोथीचेंही एखादें पान वाचावयास सांगावें. पहिल्या दिवशीं कांहीं कळणार नाहीं. अमरकोशही आपणांस पहिल्या दिवशीं कळला नव्हता.