म्हैसूरच्या राजाश्रयाने जपले गेले लंडनमधील सूर

यशवंतपूर (बेंगळुरू) : यशवंतपूर रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटरवर असलेल्या बेंगळुरू राजवाड्यात २३ सप्टेंबर १९७४ रोजी म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचे निधन झाले. दसऱ्याच्या वैभवामुळे हे घराणे देशभर परिचित आहे. मात्र युरोपच्या संगीतविश्वात या महाराजांचे नाव वेगळ्याच कारणाने आदराने घेतले जाते.

१८ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या जयचामराजेंद्रांना व्यावसायिक पियानोवादक व्हायचे होते. मार्च १९४० मध्ये वडिलांचे आणि ऑगस्टमध्ये काका कृष्णराज वाडियार चौथे यांचे निधन झाले. वयाच्या एकविसाव्या वर्षी राज्याची जबाबदारी आली आणि पियानोवादनाच्या कारकिर्दीचा विचार मागे पडला. संगीताचा ध्यास मात्र सुटला नाही. १९४५ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची पदविका त्यांना मिळाली.

निकोलाय मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचनांवर त्यांचे विशेष प्रेम होते. मायदेश सोडून लंडनमध्ये स्थायिक झालेले मेटनर उतारवयात आजार आणि आर्थिक ओढाताण सोसत होते. महाराजांच्या अर्थसाहाय्यातून मेटनर सोसायटी उभी राहिली आणि वृद्ध संगीतकाराला स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करता आल्या. मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये ते निवर्तले; त्यांच्या स्वतःच्या वादनाचा हा ठेवा मागे राहिला.

लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे महाराज १९४८ मध्ये पहिले अध्यक्ष झाले. जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउस यांच्या अखेरच्या चार गीतांचे पहिले सादरीकरण २२ मे १९५० रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाले. या मैफलीच्या खर्चाची हमी महाराजांनी घेतली होती. गायिका होत्या किर्स्टन फ्लागस्टाड, तर वाद्यवृंदाचे संचालन विल्हेल्म फुर्टवेंगलर यांनी केले. महाराज स्वतः तेथे उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांना म्हैसुरात ऐकता यावी म्हणून मैफल ध्वनिमुद्रित करण्यात आली. त्याआधी चारच महिने, राज्यघटना अमलात येताच, त्यांची राजवट संपून ते म्हैसूर राज्याचे राजप्रमुख झाले होते.

परक्या संगीताचे हे वेड म्हणजे स्वकीय परंपरेकडे पाठ फिरवणे नव्हते. म्हैसूर वासुदेवाचार्य यांच्याकडे कर्नाटक संगीताचे शिक्षण घेऊन त्यांनी ९४ कृती रचल्या. ‘श्रीविद्या’ ही त्यांची मुद्रा होती.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँ यांना दिलेला राजाश्रय मराठी रसिकांना ठाऊक आहे. तेथे कलावंत दरबारी आला होता. म्हैसूरचा राजाश्रय मात्र सातासमुद्रापार गेला. तोही आश्रयदात्याचे राज्यच लयाला जात असताना. संस्थान विलीन झाले, पण त्या आश्रयातून जपले गेलेले सूर आजही ऐकता येतात.